बाजारातला रमजान आणि अकोल्यातला निकाल

शब-ए-बरात उलटली की माझ्या मोबाइलवर रमजान सुरू होतो. आकाशात चंद्र दिसायला अजून पंधरा दिवस असतात. खजुरावर सूट, मिक्सरवर सूट, सोफ्याच्या कव्हरवर सूट, आणि मागच्या खेपेला तर एका नव्या ले-आउटमधल्या प्लॉटवर ‘रमजान स्पेशल’ सूट. प्लॉटचा आणि रोजाचा काय संबंध, असे मी फोनवरच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘‘मॅडम, शुभ महिना हाय न, म्हणून ऑफर हाय.’’ बोलता बोलता कळले की दसऱ्याला आणि अक्षय्य तृतीयेलाही तो हीच ऑफर विकतो. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो हाच असावा.

ज्यांच्या घरी रोजे नसतात त्या वाचकांसाठी थोडे सांगते. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. नमाज पढणारा दिसतो, हजला निघालेला दिसतो, जकात देणारा निदान घेणाऱ्याला तरी दिसतो. रोजा मात्र कोणालाच दिसत नाही. बंद खोलीत माठातले घोटभर पाणी प्यायला कोण अडवणार आहे? कोणी अडवत नाही, म्हणूनच त्याचे मोल. आता ‘जाहिरात’ हा आपला रोजच्या वापरातला मराठी शब्द घ्या. तो अरबी ‘जाहिर’वरून आलेला. जाहिर म्हणजे उघड, दिसणारे. वर्गात शब्दांची कुळे सांगताना हे उदाहरण मी नेहमी देते. सर्वांत न दिसणाऱ्या उपासनेची सोयरीक आता सर्वांत जास्त दिसणाऱ्या धंद्याशी झाली आहे, आणि आपल्या वऱ्हाडात सोयरीक एकदा जुळली की मोडणे अवघड.

माझे माहेर अकोला, सासर अमरावती. त्यामुळे मोहम्मद अली रोडचा रमजानही ओळखीचा आणि इतवाऱ्याचाही. या बाजारांवर माझा राग नाही, उलट जीव आहे. फेण्यांचे ढीग, शेवयांचे लच्छे, अत्तरवाल्याने मनगटावर लावून दिलेला थेंब, इफ्तारच्या आधी अर्धा तास कलिंगडवाल्याची उडालेली तारांबळ. हे नसेल तर महिना सुना वाटेल. यात हातगाडीवाला जगतो, शिलाईवाला जगतो, बेकरीवाला जगतो. अम्मी ईदच्या चार दिवस आधी मैदा, तूप, साखर डब्यात भरून मोहल्ल्यातल्या भट्टीवर नानखटाई भाजून आणायला जायची. रांगेत शेजारच्या काकूही असायच्या, कारण दिवाळीची नानखटाई त्यांनी त्याच भट्टीवर भाजलेली असायची. तोही बाजारच होता. फक्त तो आपल्याकडे येत नव्हता, आपण त्याच्याकडे जात होतो.

माझी पहिली तक्रार आहे ती शेवटच्या दहा रात्रींबद्दल. महिन्याचे सार या दहा रात्रींत आहे असे मानतात. काही लोक मशिदीत एतेकाफला, म्हणजे एकांतवासाला बसतात. विषम तारखांच्या रात्री जागून काढायच्या असतात, कारण त्यांतली एक शब-ए-कद्र असते. आणि नेमक्या याच रात्री आमच्या बायका ओढण्यांना मॅचिंग पिको करून घ्यायला उभ्या असतात. बायकांना दोष देणे सोपे आहे. दिवसभर रोजा, संध्याकाळी दहा माणसांची इफ्तार, पहाटे सहेरी. बाजाराला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतरच. आणि नाही गेले, तर ‘जुन्याच कपड्यात ईद केली’ हे बोलणे पुरुषांना नाही, त्यांनाच ऐकावे लागते. पुरुष मशिदीत रात्र जागवतात, बायका दुकानात. हिशेबाच्या दिवशी हे कसे मांडले जाईल, कोण जाणे.

तिथेच एक वस्तू हमखास खपते: ‘पाकिस्तानी सूट’. लांब कुर्ता, भरतकाम, ऐसपैस ओढणी. कापड बहुतेक सुरतेचे, विकणारा बहुतेक सिंधी भाऊ, ज्याच्या आजोबांना फाळणीत सिंध सोडून इकडे यावे लागले, आणि घेणारी इतवाऱ्यातली किंवा राजकमल चौकातली कोणतीही बाई. नवरात्रातही हा सूट खपतो, मी पाहिले आहे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली, त्यानंतर मी एका दुकानदाराला विचारले, ‘‘भाऊ, पाटीवर अजून पाकिस्तानी सूटच?’’ ते म्हणाले, ‘‘मॅडम, आता त्याले लाँग कुर्ती म्हणतो.’’ किंमत तीच होती. त्या दिवसांत जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी म्हैसूरपाकातला ‘पाक’ काढून टाकल्याची बातमीही आली होती. बाजार शब्द किती झटकन घालतो आणि किती झटकन उतरवतो, हे पाहण्यासारखे असते.

दुसरी तक्रार चौकातल्या फलकांबद्दल. हिलाल चंद्र लहान, नेत्याचा चेहरा मोठा, खाली पंधरा-वीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो. गणपतीत हाच फलक, दिवाळीत हाच फलक, चंद्राच्या जागी मूर्ती किंवा पणती. स्टाफरूममधले माझे एक सहकारी म्हणतात, ‘‘तुमच्याकडं एक महिना तरी उपाशी राहतात, आमच्याकडं तर धनत्रयोदशीला सोनं घेतलं नाही म्हणून बायको उपाशी ठेवते.’’ विनोद सोडा, पण हप्त्यावर सण करण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच आहे. याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या आणि 1956 मध्ये वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांना सांगितले की कर्ज काढून सण करू नका, जेवणावळी घालू नका. आमच्या अब्बांना ते फार आवडायचे. ते म्हणायचे, बाबा दाढी-टोपीवाले असते तर मौलाना म्हणून चालले असते. आज बाबांचा झाडू घेतलेला पुतळा आपण सगळेच ओलांडतो आणि थेट शोरूममध्ये शिरतो.

पण बाजारात आणखी एक वस्तू विकायला ठेवलेली आहे आणि ती कपड्यापेक्षा महाग पडते. ती म्हणजे एक शब्द: जिहाद.

एप्रिल 2025 ची गोष्ट. ईद होऊन चार दिवस झाले असतील. रामदेवबाबांनी आपल्या कंपनीचे गुलाब सरबत खपवताना एका व्हिडिओत सांगितले की दुसरे एक सरबत पिणाऱ्यांचा पैसा मशिदी-मदरशांकडे जातो, आणि याला त्यांनी ‘शरबत जिहाद’ म्हटले. रोख रूह अफजाकडे होता हे कोणालाही कळले. शंभराहून जास्त वर्षे जुने हे सरबत, आमच्या घरात इफ्तारला आणि शेजाऱ्यांच्या घरात उन्हाळ्याला असते. हमदर्दने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 22 एप्रिलला न्यायालयाने या बोलण्याने सदसद्विवेकाला धक्का बसतो, त्याचे समर्थन करता येणार नाही, असे सुनावले. योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी पहलगामच्या बैसरन पठारावर 26 माणसे मारली गेली. मरणाऱ्यांत पर्यटकांना वाचवायला धावलेला एक मुस्लिम घोडेवालाही होता. सकाळी ज्या शब्दाची बाटली विकली जात होती, तो संध्याकाळी रक्ताने माखून घरोघरच्या टीव्हीवर आला.

सरबतावरून आठवण झाली 2019 ची. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. अकोल्याचा मे कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. त्यातच रूह अफजाचा देशभर तुटवडा पडला. वर्तमानपत्रे त्या बातमीने भरली होती. पाकिस्तानातल्या हमदर्दने वाघा सीमेवरून ट्रक पाठवण्याची तयारी दाखवली, तीही बातमी झाली. आणि याच रमजानमध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने एक निकाल दिला, तो मात्र ईद होऊन गेल्यावर जूनमध्ये कुठे देशभर छापून आला.

प्रकरण पुसदचे. 25 सप्टेंबर 2015, बकरी ईदचा दिवस. त्या वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला होता. त्या रागाने एका तरुणाने मशिदीबाहेर बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांवर चाकूने हल्ला केला. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला, आणखी दोघांना अटक झाली, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए लागला. आरोप असा की हे लोक तरुणांना दहशतवादी संघटनांकडे वळवत होते. खटला अकोल्यात चालला. न्यायालयाने पोलिसांना जखमी केल्याबद्दल हल्लेखोराला दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली, जी त्याने तोवर तुरुंगात भोगलेलीच होती. दहशतवादाच्या आरोपातून तिघेही सुटले. निकालात न्यायाधीशांनी शब्दकोश उघडला. जिहाद हा अरबी शब्द असून त्याचा शब्दशः अर्थ प्रयत्न, संघर्ष असा आहे, आणि केवळ हा शब्द वापरला म्हणून कोणाला दहशतवादी ठरवणे फार धाडसाचे होईल, असे त्यांनी नोंदवले.

भाषेच्या प्राध्यापिकेला निकालपत्रात शब्दकोश दिसला की आनंद होतोच. मी तो निकाल वर्गात नेला. ‘ज-ह-द’ हे मूळ. त्यावरून ‘जद्दोजहद’, जो शब्द उर्दूत परीक्षेच्या अभ्यासापासून पाण्याच्या टँकरच्या रांगेपर्यंत कशालाही चालतो. त्यावरूनच ‘इज्तिहाद’, म्हणजे धर्मशास्त्रात स्वतःच्या बुद्धीने मार्ग शोधणे, ज्याची आमच्याकडे सध्या फार टंचाई आहे. एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, मग मराठीतली जिद्दही यातलीच का?’’ नाही, ती ‘जिद’वरून आली, वेगळ्या मुळाची. पण तिचा प्रश्न मला आवडला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘म्हणजे मॅडम, त्यानं काही चूक केली नाही ना?’’

मला त्या मुलाची काळजी वाटली. निकाल तसे म्हणत नाही, हे त्याला पुन्हा वाचून दाखवावे लागले. ईदच्या दिवशी, आपल्या घरची ईद किंवा गणपती सोडून उन्हात उभ्या राहिलेल्या हवालदारावर चाकू उगारणे हा गुन्हा आहे आणि न्यायालयाने त्याला गुन्हाच म्हटले आहे. दहशतवादी नाही याचा अर्थ निर्दोष नव्हे. आमच्या समाजात निकालाचे अर्धेच पान वाचायची सवय आहे. बाहेरच्यांना दुसरे अर्धे वाचायची. माझ्या मते दोन्ही सवयी सारख्याच घातक आहेत, पण घरातल्या सवयीबद्दल बोलणे माझे काम अधिक आहे.

म्हणून अमरावतीबद्दलही बोलले पाहिजे. 21 जून 2022 च्या रात्री औषधांचे दुकान बंद करून घरी निघालेल्या एका गृहस्थांचा आपल्या शहरात गळा चिरून खून झाला. नूपुर शर्मा यांच्या समर्थनाचा मजकूर त्यांनी व्हॉट्सअॅपवर टाकला होता, हे कारण पुढे आले. तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण तो खून ज्या कोणी केला त्याने पैगंबरांचा मान राखला, असे मनातल्या मनात म्हणणारा एकही माणूस आमच्या दस्तरखानावर असेल, तर मला त्याच्यासमोर खजूर ठेवायचा नाही. हे वाक्य मी त्या वर्षी नातलगांत बोलले तेव्हा एकजण उठून गेले. अजून येत नाहीत. ईदचा संदेश मात्र पाठवतात, गुलाबाच्या चित्रासह.

आता बाहेरच्यांशी थोडे. कुठे काही घडले की स्टाफरूममध्ये नजरा माझ्याकडे वळतात. कोणी वाईट हेतूने बघत नाही. तरी निषेधाचे एक वाक्य मी आधी टेबलावर ठेवावे आणि मग चहा घ्यावा, अशी अपेक्षा असते. माझी तक्रार निषेध करण्याबद्दल नाही, तो केलेला कोणाच्या लक्षात राहत नाही याबद्दल आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदच्या दारुल उलूमने देशभरच्या आलिमांना बोलावून दहशतवाद इस्लामविरोधी आहे असे जाहीर केले. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुंबईच्या मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनाची जागा नाकारली. मुसलमानाला माती नाकारणे म्हणजे काय, हे आमच्यात जन्मल्याशिवाय कळायचे नाही. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. 9 डिसेंबरला बकरी ईद आली, तेव्हा मुंबईत लोकांनी दंडाला काळ्या फिती बांधून ईदची नमाज अदा केली. यापेक्षा मोठ्या आवाजात कसे बोलतात?

आणि दहशतवादाविरुद्धची लढाई म्हणून जे चालते, तिचा हिशेबही मागितला पाहिजे. मालेगावचे उदाहरण पाहू. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बरातचा शुक्रवार, कब्रस्तानात दुवा मागायला जमलेल्या गर्दीत स्फोट, तीसहून अधिक मृत्यू. नऊ मुस्लिमांना अटक झाली. बहुतेकांना पाच वर्षांनी जामीन मिळाला, 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एक जण हयात नव्हता. मग 29 सप्टेंबर 2008, रमजानचे शेवटचे दिवस, भिक्कू चौकात दुचाकीवरचा स्फोट, सहा मृत्यू. हेमंत करकरे यांनी त्याचा तपास केला आणि दोन महिन्यांच्या आत ते 26 नोव्हेंबरला शहीद झाले. 31 जुलै 2025 ला विशेष न्यायालयाने त्या खटल्यातल्या सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडले आणि मृतांच्या नातेवाइकांना दोन-दोन लाख देण्यास सांगितले. त्याच्या दहा दिवस आधी, 21 जुलैला, मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या 2006 च्या साखळी स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले होते. पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी दिली होती, त्यांतला एक 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगातच गेला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवले नाही.

या निकालांवर आनंद करणारे मी दोन्ही बाजूंना पाहिले. आमच्याकडे 21 जुलैला पेढे, दुसरीकडे 31 जुलैला फटाके. मला दोन्ही दिवशी काही सुचले नाही. लोकलमध्ये 180 हून जास्त माणसे गेली, त्यांत सगळ्या धर्मांची होती. भिक्कू चौकातली गेली. त्यांना कोणी मारले, याचे उत्तर एकोणीस आणि सतरा वर्षांनंतरही घरच्यांच्या हातात नाही. खोटा माणूस पकडला तर खरा मोकळा फिरतो, एवढे साधे गणित आहे. ते जमले नाही, तर त्या लढाईत आपण जिंकलो असे कोणत्या बाजूने म्हणायचे?

त्या बारांपैकी काही जण आमच्या अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात होते. निकालाच्या दिवशी तिथूनच ते व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने न्यायालयापुढे आले. त्या भिंतीजवळून मी किती वेळा गेले असेन! जुलै 2006 ते जुलै 2025, वर्षे एकोणीस झाली, पण मी बोटांवर मोजले तर रमजान वीस येतात. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत रमजान तेवढ्या काळात सप्टेंबरातून निघून पावसाळा, मग आमचा कडक उन्हाळा ओलांडून मार्चपर्यंत आला. आत रोज तीच संध्याकाळ, बाहेर दर खेपेला नवी फॅशन.

पैशाचे बोलते, कारण रमजानमध्ये खरा हिशेब पैशाचाच असतो. ज्याच्याकडे साधारण 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर टिकली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यायचा. ती कुठे द्यायची याचे आठ रकाने कुराणात ठरवून दिले आहेत. गरीब, निराधार हे सगळ्यांना माहीत असतात. दोन रकाने मात्र आमचे लोक वाचून पुढे जातात: कर्जात बुडालेले, आणि बंधनातल्यांची सुटका. दुसरा रकाना मूळ गुलामांसाठी होता. आजचे काही आलिम त्यात अडकलेल्या कैद्यालाही धरतात. देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांतले कितीतरी जण जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण भरायला पैसे नाहीत. यात यूएपीएवाले थोडे, किरकोळ चोरी-मारामारीवाले फार. आणि कर्जाचा रकाना तर वऱ्हाडात वेगळा समजावून सांगायची गरजच नाही, कापसाच्या बोंडाएवढा उघडा आहे.

त्याऐवजी आम्ही काय करतो? किट वाटतो. तेल, साखर, बेसन, शेवया, वर संस्थेचे नाव, आणि घेणाऱ्या बाईचा चेहरा मोबाइलवर. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये अशी शिकवण असलेल्या धर्मात डाव्या हाताचे काम आता फोटो काढण्याचे झाले आहे. मागे आमच्या ओळखीच्या मोलकरणीने असे एक किट नाकारले. म्हणाली, ‘‘बाजी, पोरीचं लगीन जमवायचं हाय. फोटू फिरला तर पावणे काय म्हणतील?’’

यंदा माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी इफ्तार पार्टीची वर्गणी गोळा केली होती, ती पार्टी रद्द केली. एक अकोटची, एक दर्यापूरची. एक रोजे ठेवणारी, एक सोमवार धरणारी. दोघी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आल्या आणि रकमेअभावी जामीन अडलेल्यांची चौकशी करून आल्या. जकात नव्हे, साधी मदत म्हणून द्यायचे, म्हणजे घेणाऱ्याचा धर्म पाहावा लागणार नाही, असे त्यांनीच ठरवले. तिथल्या बाबूंनी आधी त्यांना नातेवाईक समजून रांगेत उभे केले, मग चहा पाजला. जमलेली रक्कम फार नाही, एखाद-दुसऱ्याचे काम होईल. ईदच्या आधी शनिवार-रविवार येतो का, आणि पैसे भरायला कामाचा शेवटचा दिवस कोणता, ते कॅलेंडरात पाहून या, एवढे मी त्यांना सांगितले आहे.